शारजाचं मशीन, अमेरिकेच्या डिस्का

भाव चढेल म्हणून आमच्याकडे कापूस घरात भरून ठेवतात. कोणी मार्चपर्यंत ठेवतो, कोणी अक्षय तृतीयेपर्यंत, आणि शेवटी अंगाला खाज सुटली की मिळेल त्या भावात विकून टाकतो. मी व्हिडिओ गेमच्या तीन डिस्का अशाच एकोणीस वर्षं भरून ठेवल्या होत्या. त्यांना भाव येणार नव्हता, पण खाज होती.

माझा मावसभाऊ शारजाला नोकरीला होता. २००१ च्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी सोनी कंपनीचं राखाडी रंगाचं प्लेस्टेशन घेऊन आला, टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र. हे यंत्र जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला विकायला आलं होतं. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात पोचायला त्याला सात वर्षं लागली, म्हणजे एसटीच्या मानाने वेळेवरच. बुडाला स्टिकर होतं, एससीपीएच-५५०२. तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कोणाला माहीत होता! सोबतचे दोन खेळ आम्ही बटणं झिजेपर्यंत खेळलो. पुढे भाऊ शारजाहून अमेरिकेला गेला आणि २००५ मध्ये आला तेव्हा तीन डिस्का घेऊन आला. जुन्या बाजारातून घेतलेल्या, पण अस्सल, काळ्या पाठीच्या. डिस्क म्हणजे डिस्क, कॅसेटसारखी कुठेही वाजते, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. मशीनला वाटलं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: प्लीज इन्सर्ट प्लेस्टेशन सीडी-रॉम. अरे, तीच तर टाकली आहे ना.

२००६ मध्ये मशीन कापडी पिशवीत घालून नागपूरला बर्डीवर गेलो. एका दुकानदाराने सांगितलं, चिप बसवावी लागते, आठशे रुपये, तीनशे आधी. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी ‘चिप संपली’ म्हणून मशीन परत मिळालं, दोन स्क्रू कमी. तीनशे रुपये गेले ते गेलेच. मशीन पेटीत, पेटी माळ्यावर.

माझं गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या मोटरी, पंखे, मिक्सर, आणि उन्हाळ्यात कूलर. आयर्न हातात धरायची सवय जुनी, पण प्रोग्राम वगैरे माझ्या बापजन्मी नाही. २०२४ च्या मेमध्ये बहिणीचा पोरगा सुट्टीवर आला. तो पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स करतो. माळ्यावरून कूलरचा जुना पंप काढताना त्याला ती पेटी दिसली.

“मामा, हे काहून पडून हाये?”

मी त्याला आठशे रुपयांची गोष्ट सांगितली. तो रात्रभर मोबाइलवर काहीतरी वाचत बसला आणि सकाळी पोहे खाता खाता म्हणाला, “मामा, चिप आपन घरीच बनवू. त्यात काईच नाई. चव्वेचाळीस बिट हाये फक्त.”

चव्वेचाळीस बिट म्हणजे काय ते मला समजायला दोन दिवस लागले. माझ्या बाबांना पाच मिनिटांत समजलं, कारण त्यांना भाच्याने शेतीचा दाखला देऊन सांगितलं.

सीडीवरची माहिती एकाच लांबलचक सर्पिल रेषेत असते, आतून बाहेर जाणारी. ती रेषा म्हणजे तिफणीने पाडलेला तास, आणि त्यातले खड्डे म्हणजे पेरलेलं बी. नकलाकार काय करतो? बी जसंच्या तसं उचलून दुसऱ्या वावरात पेरतो. पण प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर सगळ्यात आतल्या भागात, जिथे मशीन पहिल्यांदा वाचायला लागतं, तिथे तासच मुद्दाम किंचित डावी-उजवीकडे हलवलेला असतो. त्या हलण्यात चार अक्षरं लपवलेली असतात. जपानच्या डिस्कवर एससीईआय, अमेरिकेच्या डिस्कवर एससीईए, युरोपच्या डिस्कवर एससीईई. बाजारातल्या कोऱ्या सीडीवर कारखान्यातूनच तास आखून येतो आणि सीडी लिहिणारं यंत्र त्याच तासातून चालतं. त्याला नवा तास पाडताच येत नाही. म्हणून घरच्या यंत्रावर डिस्कची कितीही चांगली नक्कल केली तरी ती खूण उतरत नाही.

“म्हंजे पेरलं काय ते नाई पाहत, तिफन कशी गेली ते पाहते?” बाबांनी विचारलं.

“हाव आबा.”

“मंग डोकंवाला हाये तो.”

आमच्या लहानपणी पक्की समजूत होती की सगळी जादू डिस्कच्या काळ्या रंगात आहे. एका मित्राने तर कोऱ्या सीडीला मागून काळं ऑइलपेंट मारून पाहिलं होतं. काळ्या रंगाचा नक्कल अडवणाऱ्या पहाऱ्याशी काही संबंध नाही. वाचणारा किरण अवरक्त असतो, ७८० नॅनोमीटरचा, आणि त्या काळ्या प्लास्टिकमधून तो काचेतून जावा तसा आरपार जातो. काळा रंग फक्त आपल्या डोळ्यांसाठी.

आता माझं मशीन ५५०२. शेवटचा २ म्हणजे युरोपचा. आखातात हीच मशीनं जायची. आणि डिस्का अमेरिकेच्या. म्हणजे मशीन दारात उभं राहून विचारतंय, एससीईई आहे का? डिस्क म्हणते, एससीईए. मशीन दार लावून घेतं. दोघंही अस्सल, दोघंही एकाच कंपनीचे, आणि तरी ओळख देत नाहीत. चिपचं काम एवढंच, की डिस्क काहीही म्हणो, मशीनच्या कानात सारखं ‘एससीईई, एससीईई’ म्हणत राहायचं. चिप डिस्क वाचत नाही, खेळाला हात लावत नाही. ती फक्त खोटं बोलते, पण वेळेवर.

आणि सगळी गोम त्या वेळेतच आहे. मशीनच्या आत ड्राइव्ह सांभाळणारा मोटोरोलाच्या ६८एचसी०५ जातीचा छोटा कंट्रोलर आहे. तो ही चार अक्षरं सेकंदाला २५० बिटच्या चालीने ऐकतो. म्हणजे एक बिट, शून्य किंवा एक, ४ मिलिसेकंदांचा. प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा एक बिट, अक्षराचे आठ, शेवटी दोन. अकरा चोक चव्वेचाळीस. सगळी चिठ्ठी १७६ मिलिसेकंदांत संपते, मग थोडा श्वास घ्यायचा आणि परत पहिल्यापासून. अक्षरं शेपटाकडून पाठवायची, आणि शून्याचं एक, एकाचं शून्य करून. हे भाच्याने वहीत लिहून काढलं तेव्हा पान अर्धंसुद्धा भरलं नाही. यासाठी तो दुकानदार आठशे मागत होता!

पण त्या काळच्या चिपवाल्यांना अगदी फुकटखाऊ म्हणणं बरोबर नाही. तेव्हा बहुतेक पीआयसी १२सी५०८ नावाची आठ पायांची चिप वापरायचे. ती एकदाच लिहिता येते. चुकलं की फेकायची. लिहायला वेगळा प्रोग्रॅमर लागायचा. आज त्याच आकाराची एटीटायनी८५ मिळते, हजारो वेळा पुसून लिहिता येते, आणि लिहायला कॉलेजच्या पोरांकडे असतो तो अर्डुइनो नावाचा छोटा बोर्डच चालतो. भाच्याकडे होता. आम्ही बर्डीवरून दोन चिपा आणल्या, एक बसवायला आणि एक जाळायला. दोन्ही मिळून तीनशे रुपयांच्या आत. २००६ चा ॲडव्हान्स वसूल झाल्यासारखं वाटलं.

मशीन खोललं. दोन स्क्रू आधीच नव्हते, त्यामुळे थोडं लवकर उघडलं. आत पॉवरची पाटी वेगळी आहे. थेट २२० व्होल्ट तिथे येतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. भाच्याचा हात तिकडे जाताना मी झटकला. मोटरीच्या धंद्यात एवढं तरी शिकलोय. त्या पाटीतून मुख्य बोर्डाला साडेसात आणि साडेतीन व्होल्ट जातात. चिपला साडेतीनवाली लाइन द्यायची ठरली. बोर्डावर पीयू-१८ असं छापलेलं होतं, आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मॉडेल बदललं की बोर्ड बदलतो, बोर्ड बदलला की तारा जोडायच्या जागा बदलतात, पुढच्या बोर्डांत तर सिग्नलची तऱ्हाच वेगळी. दुसऱ्याच्या बोर्डाचा फोटो पाहून आपल्या बोर्डावर तार लावायची नाही.

तारा चारच. साडेतीन व्होल्ट, ग्राउंड, डेटा आणि गेट. डेटाच्या तारेवरून खोटी चिठ्ठी जाते. गेटची तार डिस्ककडून येणारी खरी चिठ्ठी आतच दाबून धरते, नाहीतर दोघं एकदम बोलतील आणि कोणाचंच ऐकू येणार नाही. डेटावर आणखी एक बारकी गोष्ट आहे, जी मला फार आवडली. चिपने शून्य पाठवायचं तर तार खाली ओढून धरायची. एक पाठवायचं तर काही करायचं नाही, नुसता हात सोडायचा, मशीन स्वतःच तार वर नेतं. विहिरीच्या मोटेसारखं नाही, तर पोराच्या पतंगासारखं. ढील दिली की तो आपोआप वर जातो.

जोडणीसाठी भाचा नागपूरहून खास बारीक तार मागवायच्या बेतात होता. मी त्याला दुकानात नेलं. पंख्याच्या वायंडिंगची केसासारखी बारीक, लाखेचा मुलामा असलेली तांब्याची तार माझ्याकडे किलोच्या हिशेबाने पडलेली. टोकाला ब्लेडने मुलामा खरवडायचा, कथील लावायचं, बाकी तार आपोआप इन्सुलेटेड. याहून चांगली तार त्या कामाला मिळणार नाही, असं माझं मत अजूनही आहे.

बसवायच्या आदल्या रात्री एक अपघात होता होता राहिला. तारा कुठे जोडायच्या याचा आकडेवार नकाशा भाच्याने मोबाइलवर काढला होता, आणि मी वायंडिंग डायग्राम वाचावा तसा तो वाचून तारा कापून ठेवल्या होत्या. पाय १ ला व्होल्टेज, पाय ८ ला ग्राउंड. झोपायला जाता जाता भाचा परत आला.

“मामा, थांबा. हा नकाशा पीआयसीचा हाये.”

पीआयसीला पाय १ वर व्होल्टेज आणि ८ वर ग्राउंड असतं. एटीटायनीला ८ वर व्होल्टेज आणि ४ वर ग्राउंड. दोन्ही चिपा आठ पायांच्या, काळ्या, शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. मी तसंच जोडलं असतं तर एटीटायनीच्या व्होल्टेजच्या पायावर ग्राउंड आणि रिसेटच्या पायावर व्होल्टेज गेलं असतं. जाळायला म्हणून आणलेली चिप कदाचित खरंच जळली असती. थ्री फेजच्या मोटरीला दोन फेजा अदलाबदल झाल्या तर ती फक्त उलटी फिरते, काही जळत नाही. या धंद्यात अशी माफी नाही.

बाहेर ४५ च्या वर तापमान, आणि आत कूलर बंद. कूलरचा झोत आयर्नच्या टोकावर आला की कथील धड वितळत नाही. एक मोठा भिंग टेबललॅम्पला दोरीने बांधला. माझं नेहमीचं आयर्न मोटरीच्या जाड तारांचं, ते या बोर्डाला लावलं असतं तर तांब्याची पाऊलवाटच उखडून आली असती. भाच्याचं २५ वॉटचं घेतलं. पेस्ट, कथील, तार, श्वास रोखून. चार जोड लावायला पाऊण तास लागला. मीटर लावून प्रत्येक जोडाचा आवाज ऐकला. वाजला. चिप उलटी करून ग्लू गनने बोर्डावर चिकटवली. ती ग्लू गन बायकोच्या रुखवताच्या कामाची होती, तिने नंतर हिशेब मागितला.

अमेरिकेची पहिली डिस्क टाकली. पांढऱ्या पडद्यावर तो जुना नाद झाला. मग काळा पडदा. प्लीज इन्सर्ट.

तीन दिवस आमचं भांडण चाललं. मी म्हणे प्रोग्राम चुकला. तो म्हणे जोड चुकला. मी सगळे जोड दोनदा काढून परत लावले. दुसऱ्या वेळी गेटच्या जागेचं तांबं किंचित हललं आणि माझ्या पोटात गोळा आला. तो प्रोग्राम सतरा वेळा वाचत बसला आणि त्यात एकही चूक सापडत नव्हती, कारण नव्हतीच. मधेच लाइन जायची, मग अंधारात दोघंही गप्प. बहिणीचा फोन आला, “पोट्टा अभ्यास करून राह्यला का?” मी म्हटलं, “रात्रंदिवस.”

चौथ्या दिवशी मी धंद्यातल्या सवयीने म्हटलं, मोटर चालत नसेल तर मी आधी नुसता करंट पाहतो, पंपाला जोडून नाही. तुझी ही चिप नुसती चालते का ते दाखव. त्याने दुसरी चिप घेतली, एक छोटा लाल दिवा लावला आणि दर सेकंदाला लुकलुकायचा प्रोग्राम टाकला. दिवा लागला. लागूनच राहिला. बऱ्याच वेळाने विझला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजलं, आठ सेकंद.

भाच्याने कपाळावर हात मारला.

ही चिप सेकंदाला ८० लाख ठोक्यांवर चालू शकते, पण कारखान्यातून येताना तिच्या आत एक सेटिंग लावलेली असते, जी त्या ठोक्यांना आठने भागते. ते सेटिंग काढलं नाही तर चिप सेकंदाला १० लाख ठोक्यांवर चालते. आमचा प्रोग्राम समजत होता की घड्याळ आठपट वेगाने चाललंय, म्हणून ४ मिलिसेकंदांचा बिट ३२ चा होत होता. १७६ मिलिसेकंदांची चिठ्ठी जवळजवळ दीड सेकंदाची झाली होती. आम्ही चार दिवस मशीनच्या कानात बरोबर तेच शब्द सांगत होतो, पण ए... स... सी... असं रेंगाळत. मशीनने दार उघडलं नाही यात त्याची काय चूक?

सेटिंग बदलायला एक बटण दाबावं लागतं. अर्डुइनोच्या खिडकीत ८ मेगाहर्ट्झ निवडून ‘बर्न बूटलोडर’. नावावरून वाटतं की काहीतरी जाळतंय, खरं तर ती फक्त चिपच्या आतल्या खिळ्या फिरवते. तेही लगेच झालं नाही. अर्डुइनो दर वेळी स्वतःच रिसेट होत होता, मग त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तेव्हा ऐकलं. कपॅसिटर माझ्या डब्यातला, एका मेलेल्या रेडिओचा. मग दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला. आम्ही दोघांनी साठपर्यंत मोजलं. विश्वासच बसत नव्हता.

बसवलेली चिप काढून परत लिहिली, परत चार जोड. रात्रीचे साडेअकरा. आई-बाबा अंगणात खाटेवर झोपलेले, टीव्हीचा आवाज शून्य. डिस्क टाकली, झाकण लावलं. पांढरा पडदा. काळा पडदा, आणि त्यावर तो रंगीबेरंगी ‘पी’ आणि ‘एस’ चा लोगो. प्लीज इन्सर्ट नाही. भाचा ओरडला, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

फक्त, रंग लोगोपर्यंतच टिकला. पुढचं सगळं काळं-पांढरं.

खेळ सुरू झाला. गाड्या धावल्या, आवाज बरोबर, हालचाल बरोबर, पण सगळं जुन्या सिनेमासारखं. मी आधी एव्ही केबल हलवली. मग टीव्हीला एक चापट मारली, आमच्याकडे तो पहिला उपचार असतो. शारजाची जुनी डिस्क टाकली तर रंग ठणठणीत. अमेरिकेची टाकली की रंग गायब.

याचं उत्तर भाच्याने दुसऱ्या दिवशी कॅलक्युलेटरवर काढलं आणि मला हे गणित चिपपेक्षाही सुंदर वाटलं. युरोपच्या मशीनमध्ये चित्राचं मुख्य घड्याळ ५३.२०३ मेगाहर्ट्झचं. त्याला १२ ने भागलं की ४.४३ मिळतात, आणि टीव्हीच्या पाल पद्धतीच्या रंगाला तेवढेच लागतात. आपला टीव्हीही पालवाला. अमेरिकेच्या मशीनमध्ये घड्याळ ५३.६९३ चं, त्याला १५ ने भागलं की ३.५८, तो अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचा रंग. आता युरोपच्या मशीनवर अमेरिकेचा खेळ चालवला की मशीन म्हणतं, बरं, १५ ने भागतो. पण भागतं आपल्याच घड्याळाला. ५३.२०३ भागिले १५, म्हणजे ३.५४७. टीव्ही वाट पाहतोय ३.५८ ची. एवढ्याशा फरकाने टीव्ही रंग टाकून देतो आणि नुसतं काळं-पांढरं दाखवतो. चिपने दार उघडलं, पण आतलं घड्याळ युरोपचंच राहिलं. यावर उपाय आहे, दोन्ही ठोके देणारा वेगळा ऑसिलेटर बसवायचा. किंवा लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी देणारी केबल आणि तशी जागा असलेला टीव्ही. आमच्या टीव्हीला तशी जागा नाही.

ही बातमी गावात दुपारपर्यंत पोचली. संध्याकाळी चार पोट्टे दुकानात. एकाच्या हातात पुढच्या पिढीचं मशीन, दुसऱ्याच्या हातात शंभर खेळ भरलेली नकली डिस्क. “भाऊ, आमचंबी करून द्या नं.” मी नाही म्हटलं. पहिलं कारण धंद्याचं, ते मशीन वेगळं, त्याचा पहारा वेगळा, ही चव्वेचाळीस बिटची चिठ्ठी तिथे चालत नाही. दुसरं कारण कायद्याचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्क बुडवायच्या हेतूने असा तांत्रिक पहारा तोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द त्यात आहे, आणि माझी डिस्क पैसे देऊन घेतलेली, मशीनही. दुसऱ्याच्या नकली डिस्कसाठी पैसे घेऊन चिप बसवली तर माझा हेतू काय होता हे सांगायला मला कोर्टात फार वेळ लागणार नाही. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात याच प्लेस्टेशनच्या चिपवरून सोनीचा खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २००५ मध्ये निकाल चिप बसवणाऱ्याच्या बाजूने लागला होता. पण हिंगणघाट ऑस्ट्रेलियात नाही.

आणि पोट्ट्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला काम झाल्यावर समजली आणि दोन तास जेवण गेलं नाही. २०२१ पासून चिपची गरजच फारशी उरलेली नाही. मेमरी कार्डात एक खास फाइल भरून तिच्या जोरावर मशीनचं दार उघडता येतं, अमेरिका आणि युरोपच्या मशीनवर तरी. सोल्डरिंग नाही, खोलणं नाही. त्यात चिपेवढंही खोटं बोलावं लागत नाही, कारण ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये पहिल्यापासूनच एक गुप्त परवलीचा शब्द ठेवलेला आहे. तोही कसला? कंपनीचं स्वतःचंच नाव, तुकड्या तुकड्यांनी म्हणायचं.

“म्हंजे तुमी चार दिवस वाया घातले?” एका पोट्ट्याने विचारलं.

भाचा म्हणाला, “मामाकडे मेमरी कार्ड नाई.” ते खरं होतं. कार्ड २००३ मध्ये हरवलं.

घरी चिप बनते का, याचं माझं उत्तर असं की चिप बनते, आरामात बनते, पण ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे. जुन्या काळात तिची जी किंमत मागायचे ती चिपची नाही, बोर्ड ओळखण्याची असायची. आणि आमची चिप बावळट आहे. ती खेळ सुरू झाल्यावरही तोंड मिटत नाही, सारखी एससीईई म्हणतच राहते. १९९९ च्या सुमारापासूनचे काही खेळ मुद्दाम कान देऊन बसतात. ही अक्षरं ऐकू यायला नको तेव्हाही आली तर त्यांना समजतं की आत कोणीतरी बसवलंय, आणि ते थांबतात. मग चिप अशी करावी लागते की दार उघडलं की गप्प बसेल, त्यासाठी ड्राइव्ह आत्ता कुठे वाचतोय हे पाहणाऱ्या आणखी दोन तारा लागतात. आमच्या तिन्ही डिस्का १९९८ च्या आतल्या, म्हणून निभावलं.

भाचा सोमवारच्या एसटीने गेला. जाताना ऑसिलेटरचा नंबर वहीत लिहून गेला. रविवारी रात्री त्याच्या आग्रहाने आम्ही शेवटचा खेळ लावला. आई भाजी निवडत बसली होती, टीव्हीकडे पाहून म्हणाली, “असाच तं होता आपला पह्यला टीव्ही. काळा-पांढरा.”

मी म्हटलं, “रंग येईल आता. एक पार्ट मागवतो, परत खोलावं लागेल.”

“तवा तं कोनी नाई खोलला त्याले,” ती म्हणाली, आणि परत भाजी निवडायला लागली.